इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडत नाही

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा बारावी झाला, फिजिक्स-मॅथ्स आहे, वैमानिक व्हायचं म्हणतो. लहानपणापासून बिजासन टेकडीवर उभा राहून विमानं बघत आलाय. पण दर काही महिन्यांनी कुठेतरी प्रशिक्षणाचं विमान कोसळल्याची बातमी येते आणि घरात सगळे एकच म्हणतात, ‘एकच इंजिन, एकच पंखा. तो थांबला की संपलं.’ हे खरं आहे का? ही छोटी विमानं नेमकी कशाने पडतात? आणि पाठवायचंच झालं तर काय बघून पाठवायचं?

ताई, विमान उडवायला शिकवणं हेच माझं आयुष्यभराचं काम. अपघातांचे अहवाल वाचणं हाही त्या कामाचाच भाग होता आणि निवृत्तीनंतरही ते सुटलेलं नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण मुलाला शेजारी बसवून वाचा.

घरच्यांची भीती समजते, पण ती चुकीच्या जागी आहे. इंजिन थांबलं तरी पंख त्यांचं काम करतच राहतात. मानपूरच्या घाटात गिअर काढलेली गाडी जशी उतारावर चालत राहते, तसं विमान उंची खर्च करत पुढे जात राहतं. प्रशिक्षणात नेहमी दिसणारं छोटं विमान, सेसना १७२ घ्या. इंजिन बंद असताना वेग ६५ ते ६८ नॉट (तासाला इतके सागरी मैल) धरला, तर एक फूट खाली येताना ते साधारण नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर आठेक किलोमीटरचा पल्ला आणि जवळजवळ चार मिनिटं हातात असतात. चार मिनिटांत शेत निवडता येतं, टाकी बदलून इंजिन पुन्हा सुरू करून बघता येतं, रेडिओवर सांगता येतं. सोयाबीन निघाल्यावर माळव्यात अशी मोकळी शेतं कमी नाहीत. पावसाळ्यात मात्र काळी माती पुढचं चाक धरून ठेवते आणि विमान उलटं होऊ शकतं. तरीसुद्धा पंख सरळ, वेग ताब्यात आणि पट्टे घट्ट असतील तर आतली माणसं बहुतेक वेळा चालत बाहेर येतात.

माणसं जातात ती विमान वैमानिकाच्या ताब्यातून सुटून जमिनीवर आदळतं तेव्हा. आणि ते सुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जमिनीजवळ वेग गमावणं, म्हणजे स्टॉल. अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांचा हिशोब अनेक दशकं ठेवला जातोय. त्यात दहापैकी सातच्या आसपास अपघात वैमानिकाच्या कृतीशी किंवा निर्णयाशी जोडलेले निघतात. यंत्राचा बिघाड बराच मागे आहे.

स्टॉलचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही, हे आधी मुलाच्या डोक्यात बसू द्या. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही स्टॉल होतो. पंख हवेला एका ठरावीक कोनात भिडतो. तो कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम कमी होते. वेग कमी झाला की विमान वर धरायला हा कोन वाढवावा लागतो, म्हणून वेग गमावला की स्टॉल जवळ येतो. उपाय एकच: नाक खाली करणं. जमीन समोर दिसत असताना नाक खाली करायला हात तयार होत नाही, तो उलट विमान चालवायची दांडी पोटाकडे ओढतो, आणि कोन आणखी वाढतो. हा हात वळवणं, त्याला दुसरी सवय लावणं, हेच प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांचं खरं काम.

जुन्या सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक असतं. विमान स्टॉलच्या जवळ आलं की तिथे हवा आतून ओढली जाते आणि कॉकपिटमध्ये पिपाणीसारखा आवाज येतो. उड्डाणाआधी तो आवाज तपासायचा तर भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडाने हवा ओढायची. नवीन मुलं लाजतात, इकडेतिकडे बघतात. मी प्रत्येकाला ते करायला लावायचो, कारण जमिनीवर स्वतःच्या तोंडाने वाजवलेला हा आवाज हवेत पहिल्यांदा ऐकू आला की ओळखीचा वाटतो, आणि हात नाक खाली करायला लवकर वळतो.

आता हे घडतं कुठे? दोन जागा आहेत, आणि दोन्ही धावपट्टीच्या अगदी जवळ.

पहिली जागा उड्डाणानंतर लगेच. विमान ४०० फुटांवर आहे आणि इंजिन थांबलं. मागे पावणेतीन किलोमीटरची धावपट्टी आहे, समोर वस्ती आणि शेतं. मन म्हणतं, मागे वळ. पण धक्क्यातच तीन-चार सेकंद जातात. त्यानंतर १८० अंश वळून भागत नाही, कारण तेवढं वळलं की तुम्ही धावपट्टीच्या शेजारी, तिला समांतर येता. परत तिच्या रेघेत यायला आणखी वळावं लागतं. वळण लवकर व्हावं म्हणून विमान जास्त कलवलं जातं, आणि नाक वर धरून कलवलं की स्टॉलचा वेग वाढत जातो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ४५ अंशांच्या वळणात साठीच्या आसपास स्टॉल होतं. ६० अंशांत तो आकडा ७० च्या पुढे जातो. इंजिन नसताना तुम्ही उडताय ६८ नॉटने. हिशोब तिथेच संपतो. म्हणून नियम असा की ठरवलेल्या उंचीखाली इंजिन गेलं तर समोर, थोडं डावी-उजवीकडे, जे मिळेल तिथे उतरायचं. ती उंची किती, हे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा खटका, पुढे करण्याआधी मोठ्याने बोलायचं. वर गेल्यावर विचार करायला वेळ नसतो.

दुसरी जागा उतरण्याआधीचं शेवटचं वळण, ज्याला आम्ही बेस टू फायनल म्हणतो. इंदूरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे उतरायचं पश्चिमेकडे तोंड करून. डाव्या हाताचं सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा डावीकडे वळणारा चौकोनी फेरा, असेल तर बेसवर, म्हणजे त्याच्या धावपट्टीला काटकोनात येणाऱ्या बाजूवर, विमान उत्तरेकडे जात असतं आणि वारा त्याला मागून ढकलत असतो. विद्यार्थी नेहमीच्या ठिकाणी वळायला लागतो, पण तोवर धावपट्टीची रेघ ओलांडून गेलेला असतो. आता तो काय करतो? जास्त कलवायची भीती वाटते, म्हणून पायाने डावा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची झडप) दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. त्याने आतला पंख खाली जाऊ लागतो, तर उलट एलरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची झडप) देऊन तो धरतो. नाक खाली पडतंय म्हणून दांडी मागे. कॉकपिटमध्ये सगळं शांत वाटतं, विमान फारसं कललेलंही दिसत नाही. आणि मग आतला पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या बाजूला उलटतं आणि स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली, जातं. एका फेऱ्याच्या स्पिनमधून बाहेर यायला हजार फुटांच्या आसपास उंची लागते. तुम्ही असता ५०० फुटांवर.

याचा इलाज अवघड नाही. रेघ चुकली की थ्रॉटल पूर्ण पुढे, वेग सांभाळ, वर जा, पुन्हा ये. जो प्रशिक्षक असं वर जाऊन पुन्हा येणं, म्हणजे गो-अराउंड, केल्यावर विद्यार्थ्याला शाबासकी देतो, त्याच्याकडे मुलाला खुशाल सोपवा. जो ‘पुन्हा पेट्रोल जाळलंस’ म्हणतो, त्याच्यापासून लांब ठेवा.

हवामानाबद्दल बोलायचं तर आपल्या ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरांत एक तारीख अजून लक्षात आहे. ३० सप्टेंबर २००१. माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरला सभेसाठी निघाले होते आणि मैनपुरीजवळ विमान कोसळलं. आठही जण गेले. ते विमान बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० होतं: दोन इंजिनं, तीही टर्बाइनची, आणि समोर दोन व्यावसायिक वैमानिक. परतीच्या पावसाचे दिवस होते, वाटेत वादळी ढग होते. ‘एकच इंजिन’ म्हणणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांगा. क्यूम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळाच्या उंच ढगाच्या आत हवा एका बाजूला वर आणि शेजारीच खाली अशा जोराने जाते की इंजिनांची संख्या तिथे उपयोगी पडत नाही. अशा ढगापासून वीस सागरी मैल लांब राहायचं, हा आमच्याकडचा जुना दंडक आहे. मे-जूनमध्ये दुपारनंतर माळव्यात हे ढग तासाभरात उभे राहतात. सकाळी निरभ्र असलेलं आकाश तीन वाजता तसंच असेल असं धरून कुणीही निघू नये.

वादळापेक्षाही फसवं असतं ते काहीच न दिसणं. ढगात, धुक्यात किंवा चंद्र नसलेल्या रात्री क्षितिज दिसेनासं झालं की माणसाचा तोल फक्त कानाच्या आतल्या द्रवावर राहतो, आणि तो खोटं सांगतो. एकसारख्या वळणात वीसेक सेकंद गेले की तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ जातोय असंच वाटतं. उपकरणं ‘तू वळतोयस’ सांगतात, शरीर ‘नाही’ म्हणतं. वैमानिक शरीराचं ऐकतो, विमान आणखी कलतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये याचा प्रयोग केला होता. केवळ उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, एकाचा तर वीस सेकंदांतच सुटला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावरच्या धूसर हवेत स्वतः विमान चालवताना असेच गेले. त्यांच्या पायपर साराटोगाच्या इंजिनात काही बिघाड सापडला नाही.

आपल्या मध्य प्रदेशातलं उदाहरण रीव्याचं. जानेवारी २०२३ मध्ये रात्री, दाट धुक्यात, प्रशिक्षणाचं विमान हवाईपट्टीजवळच्या मंदिराच्या शिखराला धडकलं. प्रशिक्षक गेले, विद्यार्थी जखमी झाला पण वाचला. हे वाचलं की मला नेहमी जमिनीवरचा तो क्षण दिसतो, जेव्हा कुणीतरी ‘आज नको’ म्हणू शकलं असतं. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य मावळल्यावर तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक दर तासाला बघावा. तो दोन अंशांवर आला की धुकं दाराशी आहे असं समजायचं. एखाद्या गोष्टीवर मी विद्यार्थ्यांशी कठोर वागलो असेन तर ती हीच.

उन्हाळ्याचं एक वेगळंच संकट आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. इंदूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. मे महिन्यात ४२ अंश तापमान असताना इथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते साडेपाच हजार फुटांवर उभं असतं. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीन टक्क्यांच्या आसपास घटते, पंखाला आणि पंख्यालाही कमी हवा मिळते. जमिनीवरून सुटायला जास्त पळावं लागतं, आणि सुटल्यावर वर चढणं रखडतं. इंदूरची लांब धावपट्टी पळण्याचं सांभाळून घेते. छोट्या हवाईपट्टीवर, टोकाला झाडं आणि विजेच्या तारा असताना, तीच दुपार जीवघेणी ठरते. त्यात १७२ मध्ये चार जागा आहेत म्हणून चार मोठी माणसं आणि टाकी काठोकाठ, असा बेत कुणी केला तर वजन मर्यादेबाहेर जातं. चार जागा म्हणजे चार माणसांची परवानगी नव्हे. वजनाचा तक्ता रोज भरायचा असतो, आणि उन्हाळ्यात उड्डाणं सकाळीच उरकायची.

इंजिनं थांबतात तेव्हा का थांबतात, हेही सांगतो. पुष्कळदा त्याचं कारण इंजिनाच्या बाहेर असतं, इंधनात. एकतर ते संपतं. छोट्या विमानांचे इंधनाचे काटे भरवशाचे नसतात, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजायचं. किंवा दुसऱ्या टाकीत इंधन असूनही टाकी निवडायचा कॉक चुकीच्या बाजूला असतो. किंवा त्यात पाणी असतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर सुकलेलं असलं की रात्रभर पाणी आत झिरपतं. अॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. सकाळी पंखाखालच्या ड्रेनमधून काचेसारख्या नळकांड्यात थोडं घ्यायचं आणि उजेडात धरायचं. पाणी जड, ते तळाशी पांढऱ्या थेंबासारखं वेगळं बसलेलं दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत काढत राहायचं. पण पूर्ण नळकांडंच पाण्याने भरलं असेल तर वेगळा थर दिसत नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही बघायचे. आजकाल एकाच एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, अॅव्हगॅसची आणि जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनाची अशी दोन्ही विमानं उभी असतात. अॅव्हगॅसच्या विमानात चुकून जेट इंधन भरलं गेलं तर नळीत उरलेल्या चांगल्या इंधनावर इंजिन सुरू होतं आणि नेमकं वर चढताना दगा देतं. म्हणून इंधन भरताना वैमानिकाने स्वतः तिथे उभं राहावं.

दुसरं, कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ. इंदूरच्या जुलैत बर्फ म्हटलं की पालक चमकतात. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवा पसरते, इंधनाची वाफ होते आणि तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त खाली येऊ शकतं. बाहेर २४ अंश आणि दमट हवा, थ्रॉटल कमी करून खाली येताय, तर आत बर्फ धरतो. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात, एवढंच दिसतं. कार्ब हीट, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारी कळ, ओढली की इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं, आणि घाबरून मुलं ती लगेच बंद करतात. तसं करायचं नाही. थांबायचं, इंजिन आपोआप सावरतं. नव्या १७२ ना फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा त्रास नाही. सेसना १५२ आणि जुन्या १७२ ना आहे.

देखभालीत राहून गेलेल्या गोष्टी हा तिसरा भाग. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबमध्ये कुंभारमाशीने घातलेलं मातीचं घर, इंजिनावरच्या आवरणात (काउलिंगमध्ये) विसरलेलं फडकं, दुरुस्तीनंतर उलट जोडलेल्या एलरॉनच्या तारा. दांडी डावीकडे केली तर डावा एलरॉन वर जातो ना, हे बघायला दोन सेकंद लागतात. इंजिनाला ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी एकेक बंद करून बघतात आणि १५२-१७२ मध्ये फेरे १२५ ते १५० पेक्षा जास्त उतरले तर विमान हँगरकडे परत. आणि चावी ‘ऑफ’ करूनही एकाही फेऱ्याने उतरत नसतील तर ते अधिक वाईट: मॅग्नेटो बंद करणारी वायर तुटलेली आहे आणि तो कायम जिवंत आहे. असा पंखा हाताने नुसता हलवला तरी इंजिन ठोका घेऊ शकतं. ताई, मुलाला भेटायला गेलात तर फोटोसाठी पंख्याला हात लावून उभ्या राहू नका, तो थांबलेला असला तरी.

पक्षी, नीलगायी, धावपट्टीवर आलेली कुत्री, हेही आहेच. आणि इंदूरसारख्या ठिकाणी मोठ्या विमानांच्या मागे राहणारे भोवरे आहेत. एअरबसच्या पंखटोकांतून सुटणारे भोवरे हळूहळू खाली बसतात आणि छोटं विमान पालथं करू शकतात. म्हणून तिच्यामागून उतरताना टॉवर तीन मिनिटं थांबवतो, आणि आपण तिच्या वाटेच्या वरून येऊन, ती जिथे टेकली त्याच्या पुढे टेकायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. संस्था बघायला जाल तेव्हा चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हँगर बघा. किती विमानं खरोखर उडताहेत आणि किती सुट्या भागांसाठी धूळ खात उभी आहेत? जिथे विमानं कमी पडतात तिथे मुलं महिनोन्‌महिने बसून राहतात आणि मग परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे २०० तास पुरे करायच्या घाईत नको त्या हवेत वर जातात. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे कापतात का, हे विचारा. गेल्या महिन्यात किती उड्डाणं रद्द केली, हेही विचारा. ‘एकही नाही’ असं अभिमानाने सांगितलं तर नमस्कार करून निघा. देखभालीचा इंजिनिअर पूर्णवेळ तिथलाच आहे का? एका प्रशिक्षकाच्या गळ्यात किती मुलं? चूक झाल्याचं विद्यार्थ्याने स्वतः येऊन सांगितलं तर त्याला शिक्षा होते की ती चूक सगळ्यांना शिकवली जाते? हे कार्यालयात कळणार नाही. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ बसा, तिथे कळेल.

मुलाला प्रवेश मिळण्याआधीच एक सवय लावा. २०१२ पासून आपल्याकडे अपघातांची चौकशी एएआयबी (विमान अपघात तपास ब्युरो) ही वेगळी संस्था करते आणि तिचे अंतिम अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. दोष कुणाचा हे ठरवणं हा त्या चौकशीचा हेतू नसतो, पुन्हा तसं घडू नये हा असतो. त्यामुळे भाषा कोरडी असते, पण मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. महिन्याला एक अहवाल वाचू द्या, आणि कोणत्या ओळीवर तो स्वतः थांबला असता, परत फिरला असता, हे तुम्हाला तोंडी सांगू द्या.

आणि फी भरायच्या आधी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, पण शक्य असेल तर व्यावसायिक वैमानिकाला लागणारं क्लास वनही लगेच. रंग ओळखण्यात किंवा कानात काही निघालं तर ते लाखो रुपये भरल्यानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.